व्हर्च्युअल मशीनचा रिमोट कन्सोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट कन्सोल म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा (व्हीएमचा) दुरून वापरता येणारा पडदा आणि कीबोर्ड. त्याची आठवण बहुतेकांना मशीन नेटवर्कवरून गायब झाल्यावरच होते, आणि नेमकं तेव्हाच कळतं की तो कधी नीट लावलेलाच नव्हता. खालची उत्तरं ती वेळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत, सहसा लहान लिपीत टाइप करायची. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉप असताना कन्सोल वेगळा कशाला?

एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) ही गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या, आत चालणारी सेवा. ती चालायला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) बूट झालेला हवा, नेटवर्क उभं हवं, फायरवॉलने वाट दिलेली हवी. कन्सोलला यातलं काहीच लागत नाही, कारण तो हायपरव्हायजरकडून, म्हणजे होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येतो: आभासी ग्राफिक्स कार्डावर उमटलेलं चित्र तुमच्याकडे पोचतं आणि तुम्ही दाबलेली कळ आभासी कीबोर्डवर दाबली जाते. म्हणून यूईएफआय या फर्मवेअरचा मेन्यू, ग्रब हा बूटलोडर, एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड मागणारी ओळ, कर्नल पॅनिक (कर्नल कोसळून थांबणं) हे सगळं कन्सोलवर दिसतं. एसएसएचवर यातलं काही दिसण्याची सोयच नाही. खऱ्या सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून समोर बसावं, तसंच हे.

मग रोजचं काम कन्सोलवरूनच का करू नये?

कॉपी-पेस्ट अडखळतं, आणि वर सरकून गेलेला मजकूर परत बघता येत नाही (लिनक्स कर्नल ५.९ पासून शिफ्ट + पेज अप दाबून मागे जाण्याची सोय काढून टाकली आहे). शिवाय कोण आलं याची नोंद गेस्टमध्ये धड होत नाही. एसएसएचच्या लॉगमध्ये आयपी पत्ता आणि वापरलेली की दिसते, कन्सोलच्या लॉगमध्ये फक्त ‘टीटीवाय१ वर लॉगिन’ एवढंच. एसएसएच परत सुरू होईल इतपत दुरुस्ती कन्सोलवरून करा आणि बाहेर पडा.

ग्राफिकल कन्सोल घ्यावा की सिरियल?

दोन्ही लावून ठेवा. ग्राफिकल कन्सोल, म्हणजे व्हीएनसी किंवा स्पाइस या प्रोटोकॉलवरचा किंवा व्हीएमवेअरचा स्वतःचा, हा पिक्सेल पाठवतो. विंडोज, डेस्कटॉप, इन्स्टॉलर आणि फर्मवेअरच्या सेटिंगसाठी तोच लागतो. सिरियल कन्सोल फक्त अक्षरं पाठवतो. त्यामुळे अतिशय मंद जोडणीवरही तो चालतो, मजकूर निवडून कॉपी करता येतो, आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये साठवता येतं. कर्नल पॅनिकमध्ये याचा फार उपयोग होतो. ग्राफिकल पडद्यावर शेवटच्या काही ओळीच उरतात आणि खरं कारण बहुतेक वेळा त्यांच्या वर असतं. सिरियल लॉगमध्ये पहिल्या ओळीपासून सगळं सापडतं.

स्पाइसबद्दल एक सूचना. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये त्याला ‘पुढे बंद होणार’ असं जाहीर केलं होतं आणि ९ मध्ये तो काढला. जुन्या व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) स्पाइस आणि क्यूएक्सएल (त्याच्या जोडीचं आभासी ग्राफिक्स कार्ड) असेल तर नव्या होस्टवर नेण्याआधी ते व्हीएनसी आणि व्हर्टआयओ किंवा व्हीजीए असं बदलून घ्या, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

लिनक्स गेस्टमध्ये सिरियल कन्सोल कसा चालू करायचा?

चार थर आहेत आणि चारही जुळावे लागतात. एखादा राहिला तर बूटच्या तेवढ्याच टप्प्यावर पडदा मुका होतो.

पहिला थर: व्हीएमला सिरियल पोर्ट असायला हवा. लिबव्हर्टने (लिनक्सवर व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने) बनवलेल्या मशीनला तो सहसा असतोच. प्रॉक्समॉक्स या प्लॅटफॉर्मवर तो आपण जोडावा लागतो: ‘क्यूएम सेट’, मशीनचा क्रमांक, ‘-सिरियल०’ आणि ‘सॉकेट’. यानंतर मशीन पूर्ण बंद करून चालू करा. आतून रीबूट केल्याने नवं हार्डवेअर जोडलं जात नाही.

दुसरा थर ग्रबचा. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_टर्मिनल’ ची किंमत ‘कन्सोल सिरियल’ अशी ठेवा आणि ‘ग्रब_सिरियल_कमांड’ मध्ये वेग ११५२००, युनिट ०, वर्ड ८, पॅरिटी नाही, स्टॉप १ असं द्या. या दोन्ही नावांतली सगळी अक्षरं कॅपिटल.

तिसरा थर कर्नलचा. कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवाय०’ आणि त्यानंतर ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’ जोडा. ‘टीटीवायएस०’ मधला एस कॅपिटल असतो. हे एक्स८६ मशीनसाठी. एआरएमवर पोर्टचं नाव बहुधा ‘टीटीवायएएमए०’ असतं (त्यात एएमए कॅपिटल), आणि झेन किंवा व्हर्टआयओ कन्सोलवर ‘एचव्हीसी०’. मग डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-ग्रब’ चालवा. रेड हॅटच्या कुळातल्या वितरणांवर कर्नलच्या ओळीतला बदल ‘ग्रबी’ने सगळ्या कर्नलना एकदम लावणं अधिक भरवशाचं.

चौथा थर लॉगिनचा. सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) असलेल्या वितरणात कर्नलच्या ओळीत सिरियल पोर्ट दिसला की गेटी (लॉगिनची ओळ दाखवणारा प्रोग्राम) आपोआप सुरू होतो. नसेल तर ‘सिरियल-गेटी@टीटीवायएस०’ ही सेवा ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ला ‘दोन डॅश नाऊ’ जोडून चालू करा.

आता क्रमाचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त घोळ इथे होतो. एकापेक्षा जास्त ‘कन्सोल=’ दिले तर कर्नलचे संदेश सगळीकडे जातात, पण शेवटचा जो असेल तोच ‘/डेव्ह/कन्सोल’ बनतो. सेवा सुरू होतानाचे संदेश, आपत्कालीन शेल, ‘इनिट=/बिन/बॅश’ दिल्यावर मिळणारा प्रॉम्प्ट, हे सगळं त्या शेवटच्याच कन्सोलवर येतं. दुरुस्ती तुम्ही जिथे बसून करणार असाल, तो कन्सोल शेवटी ठेवा.

सिरियल कन्सोल उघडला, पण पूर्ण रिकामा आहे. बिघडलाय का?

आधी एंटर दाबा. लॉगिनची ओळ तुम्ही जोडण्यापूर्वीच छापून झालेली असते आणि सिरियल पोर्ट ती पुन्हा पाठवत नाही. दोन-तीनदा एंटर दाबूनही काही आलं नाही तर वरचे थर एकेक करून तपासा. रीबूट करताना ग्रबचा मेन्यू दिसला आणि नंतर शांतता पसरली, तर तिसरा थर चुकला. कर्नलचे संदेश आले पण लॉगिन आलं नाही, तर चौथा.

अक्षरं येतात पण ओळी एकमेकींवर चढतात, संपादक अर्ध्याच पडद्यात उघडतो, ही वेगळी तक्रार. खिडकीचा आकार सिरियल पोर्टवरून कळत नाही, म्हणून गेस्ट ८० स्तंभ आणि २४ ओळी धरून चालतो. ‘एसटीटीवाय रोज ५० कोल्स १६०’ असं आपल्या खिडकीच्या मापाने सांगितलं की सुटतं.

कोणत्या प्लॅटफॉर्मवर कन्सोल कुठून उघडायचा?

केव्हीएम आणि लिबव्हर्ट: सिरियलसाठी ‘व्हर्श कन्सोल’ आणि मशीनचं नाव, बाहेर पडायला कंट्रोल + उजवा चौकोनी कंस. ‘या मशीनचं सत्र आधीच चालू आहे’ अशी चूक आली तर ‘दोन डॅश फोर्स’ जोडा, पण समोरचा सहकारी मध्येच तुटेल, तेव्हा आधी विचारा. ग्राफिकलसाठी ‘व्हर्ट-व्ह्यूअर’ किंवा ‘व्हर्ट-मॅनेजर’, आणि होस्टशी जोडणी एसएसएचमधून. व्हीएनसीचा पोर्ट ५९०० अधिक डिस्प्ले क्रमांक असा असतो. पोर्ट आपोआप दिला जात असेल तर मशीन बंद-चालू केल्यावर तो बदलू शकतो, म्हणून कालचा पोर्ट लक्षात ठेवून जोडू नका. चुकून दुसऱ्याच मशीनसमोर बसाल. दरवेळी ‘व्हर्श डोमडिस्प्ले’ला विचारा.

प्रॉक्समॉक्स: वेब पानावरचा कन्सोल ८००६ या पोर्टवरूनच चालतो, स्पाइसला ३१२८ लागतो. सिरियलसाठी ‘एक्सटर्म.जेएस’ किंवा नोडवर ‘क्यूएम टर्मिनल’. त्यातून बाहेर पडायला कंट्रोल + ओ. क्लस्टरमध्ये दुसऱ्या नोडवरच्या मशीनचा कन्सोल एसएसएचमधून आणला जातो. फक्त दुसऱ्या नोडवरचेच कन्सोल उघडत नसतील तर नोडांमधल्या एसएसएच की तपासा.

व्हीएमवेअर: ब्राउझरमधला कन्सोल ४४३ वरून येतो. वेगळ्या व्हीएमआरसी प्रोग्रामला आवृत्तीनुसार ४४३ किंवा ९०२ लागतो. व्हीएमआरसी व्हीसेंटरशी (व्यवस्थापनाच्या सर्व्हरशी) जोडतो पण पडदा येत नाही, याचं नेहमीचं कारण नाव: ईएसएक्सआय होस्टचं (ज्यावर व्हीएम चालतात त्या सर्व्हरचं) नाव तुमच्या संगणकावरून डीएनएसमध्ये सापडत नाही.

हायपर-व्ही: ‘व्हीएमकनेक्ट’ होस्टच्या २१७९ पोर्टवर जोडतो. त्याच्या एन्हान्स्ड सत्रात क्लिपबोर्ड आणि आवाज मिळतो, पण ते सत्र म्हणजे गेस्टमधलाच रिमोट डेस्कटॉप, नेटवर्कऐवजी व्हीएमबस या होस्ट आणि गेस्टमधल्या आतल्या वाहिनीतून आणलेला. गेस्ट धड बूट होत नसेल तेव्हा ते उपयोगाचं नाही. बेसिक सत्रावर या. खरा कन्सोल तो.

ओपनस्टॅक: ‘ओपनस्टॅक कन्सोल यूआरएल शो’ एक टोकन (प्रवेशाचा तात्पुरता परवाना) असलेला पत्ता देतं, प्रॉक्सी ६०८० पोर्टवर असतो. टोकनची मुदत मूळ सेटिंगमध्ये ६०० सेकंद असते. बुकमार्क करून ठेवलेला पत्ता दुसऱ्या दिवशी चालत नाही तो यामुळे.

व्हर्च्युअलबॉक्स: रिमोट डिस्प्लेसाठी एक्स्टेंशन पॅक टाकावा लागतो आणि मग कोणत्याही रिमोट डेस्कटॉप क्लायंटने जोडता येतं. मूळ पोर्ट ३३८९ आहे. होस्टवर विंडोज असेल तर त्याच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपशी टक्कर होते, म्हणून बदलून घ्या.

भाड्याच्या क्लाउडमधल्या मशीनचं काय?

तिन्ही मोठ्या क्लाउडमध्ये सिरियल कन्सोल मिळतो, पण आधी तयारी लागते.

अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू सिरियल कन्सोलची परवानगी खात्याच्या पातळीवर, प्रत्येक रीजनसाठी वेगळी द्यावी लागते. मशीन नायट्रो या अ‍ॅमेझॉनच्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर चालणारं हवं, आणि एका मशीनवर एका वेळी एकच सत्र. अझुरमध्ये बूट डायग्नॉस्टिक्स चालू असल्याशिवाय कन्सोल उघडत नाही. गूगल क्लाउडमध्ये ‘सिरियल-पोर्ट-इनेबल’ या मेटाडेटाला ‘ट्रू’ करायचं. जोडणी एसएसएचने, पण ९६०० पोर्टवर होते, त्यामुळे कार्यालयाच्या फायरवॉलमधून बाहेर जाताना अडकते. तिथे आयपी पत्त्यांची यादी करून कन्सोलला मर्यादा घालता येत नाही, म्हणून काम झालं की सेटिंग बंद करून टाका.

या सगळ्यांवर एक मोठी अडचण सारखीच आहे. क्लाउडच्या लिनक्स इमेजमध्ये लॉगिन सहसा फक्त एसएसएच कीने होतं, कोणत्याच वापरकर्त्याला पासवर्ड नसतो. कन्सोल उघडतो, लॉगिनची ओळ येते, आणि टाकायला काहीच नसतं. प्रत्येक मशीनवर सुडोचा, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने कमांड चालवण्याचा, हक्क असलेला एक वापरकर्ता लांब पासवर्ड देऊन ठेवा, एसएसएचमध्ये पासवर्डने लॉगिन बंदच राहू द्या, आणि तो पासवर्ड तुमच्या पासवर्डच्या तिजोरीत नोंदवा. मशीन ठणठणीत असताना एकदा कन्सोलवरून आत जाऊन बघा.

ब्राउझरमधला कन्सोल ‘सर्व्हरशी जोडता आलं नाही’ म्हणतो, किंवा १००६ असा आकडा दाखवतो.

१००६ म्हणजे वेबसॉकेटची (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत चालू राहणारी) जोडणी निरोप न घेता तुटली. कारणं साधारण या क्रमाने तपासा. होस्टचं प्रमाणपत्र स्वतः सही केलेलं असेल तर कन्सोलचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून ते आधी स्वीकारा. वेबसॉकेट तुम्हाला विचारत नाही, थेट नकार देतो. मध्ये एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी असेल तर एचटीटीपी १.१ आणि ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ ही दोन हेडर पुढे पाठवलेली हवीत. पान उघडतं पण कन्सोल नाही, हे त्याचं ठळक लक्षण. कन्सोल उघडतो आणि हात न लावता सोडला की मिनिटभरात तुटतो, तर एनजिनएक्सची ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ बघा. तिची मूळ किंमत ६० सेकंद असते, ३६०० करा. शेवटी घड्याळ: टोकन वेळेवर बेतलेलं असेल आणि सर्व्हरचं घड्याळ सरकलेलं असेल तर टोकन जन्मतःच शिळं ठरतं.

ग्राफिकल कन्सोलशी जोडणी होते, पण पडदा काळा.

शिफ्ट दाबा. बऱ्याचदा पडदा फक्त झोपलेला असतो. एंटर किंवा कंट्रोल + ऑल्ट + डिलीटने उठवू नका, कारण पडद्यामागे कोणता प्रश्न उत्तराची वाट बघतोय हे तुम्हाला दिसत नाही. लिनक्समध्ये ‘कन्सोलब्लँक=०’ हे कर्नलच्या ओळीत दिलं की ही झोप थांबते.

तरीही काळाच असेल तर कंट्रोल + ऑल्ट + एफ२, एफ३ करून बघा. डेस्कटॉप अडकला असला तरी मजकुराचा टर्मिनल जिवंत असू शकतो. क्लाउडसाठी बनवलेल्या कित्येक इमेज सगळे संदेश सिरियलवरच पाठवतात, तिथे ग्राफिकल पडदा बूटच्या सुरुवातीलाच थिजल्यासारखा दिसतो आणि मशीन मात्र व्यवस्थित चालू असतं. ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय असेल तर ग्रबमध्ये ‘नोमोडसेट’ देऊन बूट करा. गेस्टला खरं ग्राफिक्स कार्ड सोपवलं असेल तर चित्र त्या कार्डाला जोडलेल्या मॉनिटरवर जातं, कन्सोलवर येत नाही.

चित्र दिसतं पण कशालाच दाद देत नाही, तर होस्टवर ‘व्हर्श डोमस्टेट’ला ‘दोन डॅश रीझन’ जोडून विचारा. होस्टची साठवण जागा भरली की क्यूईएमयू (केव्हीएमवर गेस्ट चालवणारा प्रोग्राम) गेस्टला तिथल्या तिथे थांबवू शकतो. बाहेरून ते हँग झाल्यासारखं वाटतं आणि माणसं जबरदस्तीने बंद करून फाइल सिस्टम बिघडवतात. जागा मोकळी करा, ‘व्हर्श रिझ्यूम’ द्या; मशीन जिथे थांबलं तिथून पुढे चालतं.

माउसचा बाण दोन ठिकाणी दिसतो, किंवा हाताच्या मागे राहतो.

आभासी माउस ‘इतकं सरकलो’ एवढंच सांगतो आणि गेस्ट त्यावर स्वतःचा प्रवेग लावतो, म्हणून दोन बाण फुटतात. व्हीएमला यूएसबी टॅबलेट हे साधन जोडा. ते थेट जागा सांगतं, त्यामुळे फरक पडत नाही. व्हीएमवेअरवर गेस्टमध्ये ‘टूल्स’ हे साहाय्यक प्रोग्राम टाकले की हेच साध्य होतं.

पासवर्ड बरोबर असूनही कन्सोल नाकारतो.

बहुतेक वेळा कीबोर्डचा नकाशा (कोणत्या कळीला कोणतं चिन्ह) चुकलेला असतो. गेस्टमध्ये ब्रिटिश आणि तुमच्याकडे अमेरिकन नकाशा असेल तर ‘@’ आणि दुहेरी अवतरण चिन्ह अदलाबदल होतात. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी फक्त ती चिन्हं टाइप करून काय उमटतं ते बघा आणि खोडा. पूर्ण पासवर्ड तिथे लिहून एंटर दाबू नका. फसलेल्या लॉगिनचं नाव म्हणून तो लॉगमध्ये साध्या अक्षरांत नोंदला जातो. कॅप्स लॉकची स्थितीही दोन्हीकडे वेगळी राहू शकते. कन्सोलसाठीचा पासवर्ड फक्त अक्षरं आणि अंकांचा, पण लांब ठेवला तर हा त्रासच उरत नाही.

एकच अक्षर दोन-तीनदा उमटतं, हे मंद नेटवर्कचं लक्षण. कळ सोडल्याचा संदेश उशिरा पोचतो आणि गेस्ट समजतो की ती दाबूनच धरली आहे. व्हीएमवेअरमध्ये ‘कीबोर्ड.टायपमॅटिकमिनडिले’ ही सेटिंग २०००००० केली की थांबतं. नावातले मिनचा एम आणि डिलेचा डी कॅपिटल.

कॉपी-पेस्ट का होत नाही?

गेस्टमध्ये साहाय्यक प्रोग्राम असल्याशिवाय क्लिपबोर्ड जुळत नाही. स्पाइससाठी ‘स्पाइस-व्हीडीएजंट’ लागतो. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरवर टूल्स असूनही ही सोय सुरक्षेसाठी मुळात बंद असते. हायपर-व्हीच्या बेसिक सत्रात ‘टाइप क्लिपबोर्ड टेक्स्ट’ हा पर्याय आहे. तो मजकूर कळ-कळ दाबून टाइप करतो. लांब कॉन्फिगरेशन न्यायचं असेल तर सिरियल कन्सोल वापरा, पण एकदम दोनशे ओळी ओतू नका. अक्षरं गळतात. दहा-वीस ओळींचे तुकडे करा आणि शेवटी फाइलचा चेकसम जुळवा.

कंट्रोल + ऑल्ट + डिलीट माझाच संगणक पकडतो.

हायपर-व्हीत कंट्रोल + ऑल्ट + एंड, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल + ऑल्ट + इन्सर्ट, नोव्हीएनसी या ब्राउझरमधल्या कन्सोलमध्ये बाजूच्या पट्टीवरचं बटण. माउस खिडकीत अडकला तर व्हीएमवेअर आणि व्हर्ट-व्ह्यूअरमध्ये कंट्रोल + ऑल्ट.

रूटचा पासवर्ड हरवला. कन्सोलवरून बदलता येतो का?

येतो. ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा. डेबियन-उबुंटूवर ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडून कंट्रोल + एक्स दाबा, मग मूळ फाइल सिस्टम लिहिण्याजोगी करून पुन्हा माउंट करा आणि ‘पासडब्ल्यूडी’ चालवा. रेड हॅट कुळात ‘आरडी.ब्रेक’ द्या, ‘/सिसरूट’ लिहिण्याजोगं माउंट करा, त्यात ‘सीएचरूट’ करून पासवर्ड बदला, आणि ‘/.ऑटोरीलेबल’ ही रिकामी फाइल बनवायला विसरू नका. ती राहिली तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेमुळे नवा पासवर्ड असूनही लॉगिन होत नाही.

एक सापळा: ‘एफएसटॅब’मध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) चूक झाली की मशीन आपत्कालीन मोडमध्ये जातं, आणि ‘रूट खातं बंद आहे’ असं सांगून तिथेच थांबतं. उबुंटूसारख्या वितरणात रूटला पासवर्ड नसल्याने असं होतं. त्यातूनही सुटका वरच्या ‘इनिट=’च्या मार्गानेच.

कन्सोल किती सुरक्षित असतो?

वरचं उत्तर वाचल्यावर अंदाज आलाच असेल: ज्याच्या हाती कन्सोल, त्याच्या हाती मशीन. त्यामुळे कन्सोल उघडण्याचा हक्क रूटच्या पासवर्डइतकाच जपून द्या.

मूळ व्हीएनसीत एन्क्रिप्शन नाही, आणि त्याच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत पहिली ८ अक्षरंच मोजली जातात. तुम्ही २० लिहिलीत तरी. क्यूईएमयूला हाताने ‘-व्हीएनसी :१’ असं दिलं तर ५९०१ पोर्ट होस्टच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो, तोही पासवर्डशिवाय. ‘१२७.०.०.१:१’ असं लिहा आणि बाहेरून एसएसएचच्या बोगद्याने या: ‘एसएसएच -एल ५९०१:१२७.०.०.१:५९०१’, पुढे होस्टचा पत्ता, एल कॅपिटल. ब्राउझरचे कन्सोल टीएलएसवर चालतात, पण त्यांची व्यवस्थापनाची पानं इंटरनेटवर उघडी ठेवू नका, व्हीपीएनच्या मागे ठेवा.

आणि खिडकी बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. मॉनिटर बंद केल्यावर सत्र संपत नाही, तसंच इथेही. तुम्ही रूट म्हणून आत असताना टॅब बंद केला तर पुढे जो कोणी कन्सोल उघडेल त्याला थेट रूटचा प्रॉम्प्ट मिळेल. आधी ‘एक्झिट’, मग टॅब. विसर पडतोच, म्हणून बॅशमध्ये ‘टीएमआउट’ ६०० ठेवा (नाव कॅपिटलमध्ये). दहा मिनिटं काही टाइप झालं नाही की प्रॉम्प्टवर थांबलेलं शेल आपोआप बंद होतं.

विंडोजला सिरियल कन्सोल असतो का?

असतो, त्याला एसएसी (स्पेशल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कन्सोल) म्हणतात. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट’ने ईएमएस (इमर्जन्सी मॅनेजमेंट सर्व्हिसेस) चालू करा, ईएमएस सेटिंगमध्ये पोर्ट १ आणि वेग ११५२०० द्या, मग रीबूट. कन्सोलवर एसएसीचा प्रॉम्प्ट आला की ‘सीएमडी’ टाइप करा, त्याने नवी वाहिनी तयार होते. ‘सीएच -एसआय १’ ने तिच्यात शिरा आणि नाव-पासवर्ड द्या. पुढे नेहमीचा कमांड प्रॉम्प्ट मिळतो आणि ‘नेटश’ने फायरवॉल किंवा आयपी पत्ता दुरुस्त करता येतो. हे सगळं आधी चालू केलेलं असेल तरच. मशीन हाताबाहेर गेल्यावर आतून चालू करायची वाट राहत नाही.